फारकत झाली, हप्ता मात्र अजून जोडीनं

प्रति,
जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक आणि सर्व बँकांचे शाखाधिकारी,
मराठवाडा विभाग

विषय : विभक्त झालेल्या पती-पत्नीच्या संयुक्त वाहनकर्जातून एकाचं नाव कमी करण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या भागात गाडीचं कर्ज पगारपत्रकावर मिळतं. शेती कितीही असो, धंदा कितीही जोरात असो, टेबलावर शालार्थची, म्हणजे शिक्षकांच्या सरकारी पगार-प्रणालीची, सॅलरी स्लिप पडली की काम पुढं सरकतं. म्हणून घरातली शिक्षिका, सिस्टर, ग्रामसेवक किंवा महावितरणमधला भाऊ दुसऱ्याच्या गाडीसाठी सहकर्जदार म्हणून सही करून मोकळा होतो. याच छत्रपती संभाजीनगरात २०१० साली एका गटानं दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या, त्याचं कौतुक देशभर झालं. आमच्यासारख्यांची गाडी दसऱ्याला एकच येते, हार घालून, आणि तिच्या कागदांवर दोन सह्या असतात.

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माझे पूर्वीचे पती छोटी सरकारी कामं घेणारे ठेकेदार. गाडी त्यांच्या नावावर, आरसी त्यांच्या नावावर, कर्ज मात्र दोघांच्या नावावर. त्यांच्या आयकर विवरणात उत्पन्न कमी दिसत होतं, माझ्या स्लिपवर ते दर महिन्याला दिसत होतं. पुढं आमचं जमलं नाही. परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. संमतीच्या अटींत वकिलांनी एक ओळ घातली : 'वाहन पतीकडे राहील व त्याचे उर्वरित हप्ते पती भरेल.' न्यायालयानं ती मान्य केली. मला वाटलं, गाडीचा विषय संपला.

तो संपला नव्हता हे मला बँकेनं कळवलं नाही. मी दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी दुसऱ्या बँकेत अर्ज केला, तेव्हा तिथल्या अधिकारी मॅडमनी मॉनिटर माझ्याकडं वळवला. सिबिलच्या, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात गाडीच्या कर्जाखाली महिन्यांचे चौकोन होते. काहींत शून्य होतं, काहींत २८, ३१, एकात ५८. म्हणजे तितके दिवस हप्ता थकला होता. ठेकेदारीची बिलं अडकली की यांचा हप्ता अडकायचा, बिल निघालं की भरला जायचा. कर्जावर मोबाईल नंबर फक्त त्यांचाच नोंदवलेला. मेसेज त्यांना, डाग दोघांना.

माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. बिलं कशी अडकतात हे मी त्या घरात असताना पाहिलेलं आहे. आणि कर्जातून माझं नाव निघावं, ही त्यांचीही इच्छा आहे. म्हणूनच आम्ही दोघं एकत्र शाखेत गेलो. घटस्फोटानंतर शेजारी शेजारी खुर्चीवर बसायची ती पहिलीच वेळ. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, हुकूमनामा वाचला आणि म्हणाले, "अजून वय काय आहे तुमचं? बघा जुळतंय का." आम्ही दोघांनीही एकदमच मान खाली घातली. मग त्यांनी क्लार्कला विचारलं. क्लार्कनं सिस्टीममध्ये शोधून सांगितलं, नाव वाढवायचा ऑप्शन आहे, कमी करायचा नाही. कर्ज पूर्ण फेडा, एनओसी घ्या. अर्ज लेखी दिला तर चालेल का, असं विचारलं. म्हणाले, "द्या, पण उपयोग काय?" पोच मागितली तर शिक्का मारणारी बाई जेवायला गेली होती.

साहेब, तुमची बाजू मला कळते. दोन उत्पन्नं बघून कर्ज दिलं, आता एक सोडा म्हटलं तर तुमचं तारण पातळ होतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ४३ तुमच्या बाजूनं उभं आहे : संयुक्त वचन देणाऱ्यांपैकी कुणा एकाकडूनही तुम्ही पूर्ण रक्कम वसूल करू शकता. निम्मं तिचं, निम्मं त्याचं असं काही तुमच्यापुरतं नसतं. आणि आमच्या संमतीच्या अटी आम्हा दोघांना बांधतात, त्या दाव्यात पक्षकार नसलेल्या बँकेला बांधत नाहीत. मी हप्ते भरले तर ती रक्कम मी त्यांच्याकडून कोर्टात मागू शकते, हेही खरं. पण दर महिन्याच्या हप्त्यासाठी दर महिन्याला दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, कोण लावणार?

मात्र त्याच कायद्यात पुढं दोन कलमं आहेत, ती कर्ज विभागात कुणी वाचत नाही असं दिसतं. कलम ४४ सांगतं की संयुक्त वचनदारांपैकी एकाला मोकळं केलं म्हणून बाकीचे मोकळे होत नाहीत. म्हणजे माझं नाव काढल्यानं गाडीवाल्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. आणि कलम ६२ प्रमाणं सगळ्या पक्षांच्या संमतीनं जुन्या कराराच्या जागी नवा करार करता येतो. तिघं राजी असले की झालं. यासाठी घटस्फोटाचा हुकूमनामासुद्धा लागत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या खेड्यांत पुष्कळ फारकती अजून बैठकीत होतात, पंचांसमोर, पाचशेच्या बाँडवर. कोर्टात त्या कागदाची किंमत काय, हा वेगळा वाद. पण कर्जाचा करार बदलायला लग्नाचं काय झालं हे बँकेनं ठरवायची गरजच नाही. दोघांनी मागितलं आणि राहणाऱ्याची ऐपत आहे, एवढं पाहायचं.

खातेदार वारला तर वारसांसाठी तुमच्याकडं छापील अर्ज आहे, कागदपत्रांची यादी आहे, खिडकी आहे. खातेदारांची ताटातूट झाली तर काहीच नाही. घटस्फोट मराठवाड्यात आता नवलाईचे राहिलेले नाहीत. कौटुंबिक न्यायालयाच्या बाकांवर सकाळी जाऊन बसा, बोलणं ऐका. पोटगी आणि लेकरू यांच्या मागोमाग तिसरा विषय हप्त्याचा निघतो.

आता थोडं गणित. पाढे घेणाऱ्या बाईला तेवढी मुभा असावी. आठ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता येतो १२,८७१ रुपये. हा हप्ता दुसरा माणूस नियमित भरत असला तरी घरकर्ज देणारी बँक तो माझ्या पगारातून वजा धरते. साडेआठ टक्क्यांच्या वीस वर्षांच्या घरकर्जाला लाखामागं साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. भागाकार करून पाहा. ज्या गाडीत मी बसत नाही, तिच्यापायी माझं घरकर्ज सुमारे पावणेपंधरा लाखांनी कमी होतं. लातुरात एवढ्या रकमेच्या फरकात माणूस घरमालकाचा भाडेकरू होतो.

"मग गाडी विकून टाका ना," असं शाखेत सहज म्हटलं जातं. याच कर्जाचे तीन वर्षांचे हप्ते भरले की सुमारे ५ लाख १७ हजार मुद्दल शिल्लक राहतं. विम्याच्या तक्त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीचा घसारा ४० टक्के धरतात. नऊ लाखांची गाडी असेल तर ५ लाख ४० हजार. म्हणजे कागदावर जेमतेम फिटतं. प्रत्यक्षात बोजा असलेली गाडी घ्यायला येणारा माणूस आधी त्या बोजाचेच पैसे कापतो, आणि वाहनकर्ज बहुधा स्थिर व्याजाचं असल्यामुळं मुदतीआधी फेडण्याचा आकार वेगळा. शिवाय त्यांना साइटवर जायला गाडी लागते. गाडी विकून त्यांचा धंदा बसवायचा आणि मग माझी सुटका, असा सौदा मला नको आहे.

गाडी ओढून नेली तरी मी सुटत नाही, हे इथल्या बायकांना कुणी सांगत नाही. लिलावात जे कमी पडेल ते पुन्हा दोघांच्या नावावर. मालकी शून्य, देणं पूर्ण.

उलटा प्रकार त्याहून वाईट. काही घरांत गाडी बायकोच्या नावावर घेतलेली असते, कारण काही बँका महिला कर्जदाराला व्याजात थोडी सूट देतात. पुढं वेगळं झाल्यावर गाडी तो वापरतो आणि आरसीवर ती. ई-चलान तिच्या नावानं येतं, तेवढ्यावर भागलं तर बरं. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणं नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच पक्कं केलं : गाडी दुसऱ्याला देऊन टाकली, पण आरटीओत नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर. आता ती आरटीओत नाव बदलायला जाते. फॉर्म २९ आणि ३० भरते. खिडकीवर सांगतात, आरसीवर बँकेचा बोजा आहे, बँकेची लेखी संमती आणा. कलम ५१ तसंच आहे, आरटीओचा दोष नाही. ती बँकेत येते. बँक म्हणते, कर्ज फेडा. एमएच २० असो, २३ असो, २४ असो की २६, फेरा हाच.

आता माझं मुख्य मागणं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये परस्परसंमतीच्या घटस्फोटाला पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचं अंतर ठेवलेलं आहे. विशेष विवाह कायद्यातही तसंच आहे. २०१७ पासून योग्य प्रकरणात न्यायालय हा काळ माफ करू शकतं, पण बहुतेकांच्या वाट्याला तो येतोच. मन बदललं तर बदलावं म्हणून तो ठेवलेला. बहुतेकांचं बदलत नाही. मात्र या सहा महिन्यांत दोघं अजून एकमेकांचे फोन उचलत असतात. सही करायला येतात. एकमेकांना साधं 'हो' म्हणतात. हुकूमनामा हाती पडला की दोघांच्या वाटा फुटतात, एक पुण्याला जातो, दुसऱ्याचं लग्न ठरतं, आणि मग संयुक्त सही मिळवणं म्हणजे पाझर तलावातून रब्बी काढणं.

म्हणून पहिला अर्ज कोर्टात दाखल झाल्याची प्रत हातात आली की त्याच दिवशी बँकेनं कर्जातून नाव कमी करण्याचा अर्ज स्वीकारावा. गाडी ज्याच्याकडं राहणार त्याच्या आजच्या उत्पन्नाची पुन्हा तपासणी करावी, नवं कर्ज असल्यासारखी. कडक करा, हरकत नाही. तीस दिवसांत लेखी उत्तर द्या. हो असेल तर पुरवणी करार करा, आणि सिबिलसह सगळ्या पतमाहिती कंपन्यांना दुसऱ्याचं नाव त्या तारखेपासून बंद झाल्याचं कळवा. नाही असेल तर का नाही ते लिहा आणि काय केलं म्हणजे 'हो' होईल तेही लिहा : मुद्दल इतकं कमी करा, किंवा भावाला, वडिलांना माझ्या जागी आणा, किंवा दुसऱ्या बँकेकडं कर्ज वळवा. तोंडी 'नाही' घेऊन माणूस कुठंच जाऊ शकत नाही. लेखी 'नाही' घेऊन तो कोर्टातल्या अटी तरी बदलून घेईल. गाडी विकूनच वेगळं व्हायचं, असं ठरवेल. वकील मंडळींनीही ती एका ओळीची अट लिहिण्याआधी बँकेचं हे पत्र मागावं. आमच्या वेळी मागितलं असतं, तर मिळालं नसतं हा भाग निराळा.

मुस्लिम समाजात तलाक किंवा खुल्यानं (पत्नीनं मागितलेल्या तलाकानं) वेगळे होणाऱ्यांना हे सहा महिने नाहीत. बैठकीत फारकत घेणाऱ्यांनाही नाहीत. त्यांच्यासाठी दोघांच्या सहीचा अर्ज पुरेसा धरावा. वर कलम ६२ सांगितलंच आहे.

या गोष्टीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागेल, असं मला एका शाखेत सांगितलं गेलं. कोणत्या परिपत्रकाप्रमाणं, असं विचारल्यावर विषय बदलला. रिझर्व्ह बँकेनं या काही वर्षांत कर्जदाराच्या बाजूनं बरंच केलेलं आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, हे डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पतमाहितीच्या तक्रारीचं निवारण तीस दिवसांत झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाला मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजेल त्या भाषेत. हे सगळं कर्ज सुरू होताना आणि संपताना. मधल्या सात वर्षांत माणसांचं काय काय होतं, त्याचा विचार अजून व्हायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जावं, तर बँकेचा व्यावसायिक निर्णय त्यांच्या कक्षेत येत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, मुंबईला नाही.

त्या तथ्य विवरणात एक ओळ मराठीत ठळक छापा : 'सहकर्जदारावर संपूर्ण कर्जाची जबाबदारी राहील, वाहनावर त्याची मालकी नसेल.' ही ओळ वाचून दहातल्या नऊ बायका तरीही सही करतील. घर चालवायचं असतं, नाही म्हणता येत नाही. पण वाचून करतील.

आणि दोघांचेही मोबाईल नंबर नोंदवा. हप्ता परत गेला की पहिल्याच दिवशी दोघांनाही मेसेज जाऊ द्या. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं, त्याआधीचे ते ९० दिवस सहकर्जदारासाठीही असतात. मला पहिल्या महिन्यात कळलं असतं तर मी १२,८७१ रुपये भरून टाकले असते, त्यांच्याशी नंतर काय ते पाहिलं असतं. पैसा होता. फक्त निरोप नव्हता. गंमत अशी की वसुलीच्या वेळी नंबर बरोबर सापडतो. ५८ दिवस झाले तेव्हा फोन आला तो माझ्या मोबाईलवर नाही, आमच्या मुख्याध्यापकांच्या. कर्ज घेताना संदर्भ म्हणून त्यांचं नाव दिलेलं. मुलं खिचडीच्या रांगेत उभी होती, सर फोन कानाला लावून व्हरांड्यात आले आणि मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, कुण्या गाडीचं म्हणायलेत हे." पुढचं वाक्य त्यांनी संकोचानं गिळलं. कर्जदाराच्या ओळखीपाळखीत त्याची लाज काढायची नाही, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असे स्पष्ट नियम आहेत. फोन दुपारी आला होता. तेवढा नियम पाळला.

शेतकऱ्याला पीककर्ज देताना सिबिल पाहू नका, असं सरकार तुम्हाला वारंवार बजावतं. तुम्ही ते किती ऐकता हे शेतकरी जाणतात. आमच्यासाठी कुणी मंत्री बजावायला येणार नाही आणि येऊही नये. ही कर्जमाफीची मागणी नाही. एक रुपया सोडा असं मी म्हणत नाही. ज्याची गाडी त्याचं कर्ज व्हावं, आणि तसं होणार नसेल तर ते कागदावर कळावं, इतकंच.

प्रत्येक जिल्ह्यात तिमाहीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची बैठक होते. पतआराखडा, बचत गट, शासकीय योजनांची प्रलंबित प्रकरणं, असे विषय तिथं असतात. अग्रणी बँक व्यवस्थापकांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घालावा आणि आठही जिल्ह्यांत एकच नमुना अर्ज ठरवावा. धोरण वरून येतं, हे ठाऊक आहे. पण अर्ज घेणं, पोच देणं, मुख्यालयाकडं शिफारस करणं आणि उत्तर लेखी देणं, याला वरच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

अर्जाचा मसुदा मी एका वकील मैत्रिणीच्या मदतीनं तयार केला आहे. एक पानाचा आहे, मराठीत. ज्या शाखेला हवा तिथं आणून देईन. दुसरा आणि चौथा शनिवार तुमचा बंद, आणि बाकीच्या दिवशी मला शाळा सुटल्यावर निघावं लागतं. तेव्हा चारनंतर गेलं तरी शिक्का मारणारं कुणीतरी जागेवर असावं, एवढी सोय पाहावी.

कळावे,

आपली,
एक सहकर्जदार शिक्षिका
लातूर जिल्हा